चंबूला ओरखडा नको

ललित पाटलाच्या सात महिन्यांच्या कष्टांचं फळ सोमवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या टेबलावर होतं आणि ते काकवीसारखं दिसत होतं. पिवळट, चिकट, काचेच्या चंबूच्या बुडाशी सुस्त पसरलेलं. वास्तविक त्याचे क्रिस्टल व्हायला हवे होते, खडीसाखरेसारखे कोरडे आणि टोकदार. ललितनं चंबू तिरका केला. काकवी जराशी घरंगळली आणि पुन्हा बैठक मारून बसली. तिला कसलीच घाई नव्हती.

घाई ललितला होती. कुठल्याशा समुद्राच्या तळाशी कुठलासा स्पंज उगवतो आणि त्याच्यात म्हणे एक भारी औषधी रेणू असतो. टनभर स्पंज पिळावा तेव्हा चिमूटभर निघणार. म्हणून एका परदेशी कंपनीनं सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या या लहानशा प्रयोगशाळेला सांगितलं होतं, की हा रेणू तुम्हीच बनवून द्या. बनवायच्या सोळा पायऱ्या. दहाव्या पायरीवर माल दोनदा जळाला, तेराव्या पायरीवर एकदा सांडला. तरी ललित चढला बापडा. आता फक्त शेवटचा माल शुद्ध करायचा होता, आणि तो शुद्ध होणार फक्त क्रिस्टल पडले तर. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्या क्रिस्टलचा फोटो परदेशी गेला नाही, तर काम दुसऱ्या प्रयोगशाळेला जाणार आणि ललित आवारातल्याच रंगखात्यात जाणार, असं मालक देसाईसाहेबांनी साखर घालून, पण स्पष्ट सांगितलं होतं.

रंगखातं म्हटलं की ललितला बापाची नखं दिसत. दगा पाटलांनी कडोदऱ्याच्या रंगाई कारखान्यात तीस वर्षं काढली. त्यांची नखं कधी निळी, कधी गुलाबी. लग्नाच्या पंगतीत ते मूठ झाकून जेवायचे. आता डिंडोलीच्या घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मना आंडोर दवाई बनावस!" पोराची नखं स्वच्छ आहेत, हीच त्यांची कमाई. ती घालवायची ललितची छाती नव्हती.

त्यानं काचेची कांडी घेतली आणि चंबूच्या आतून खरडायला लागला. खरडलं की क्रिस्टल धरतात, हे प्रत्येक केमिस्टला ठाऊक असतं. पण कांडी नवी, टोक गुळगुळीत, नुसती घसरत होती. वीस मिनिटांनी त्याचं मनगट दुखायला लागलं आणि तो कंटाळून पुटपुटला, "भांडंच घाण असेल, दुसरं काय!"

हे तो स्वतःशी बोलला. पण मोरीपाशी सरलामावशी उभ्या होत्या.

सरलामावशी अमळनेरकडच्या. प्रयोगशाळेची काचेची भांडी घासायचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. इंग्रजी नावांच्या भानगडीत त्या पडत नसत. गोल बुडाचा तो चंबू, उभा तो लोटा, बारीक ती नळी. ललित खान्देशातला, म्हणजे घरचा. त्याची भांडी त्या आधी घासत, जपून ठेवत, त्यातल्या त्यात कोरे चंबू त्यालाच देत. त्याच घरच्या माणसानं आज भांड्याला घाण म्हटलं होतं. मावशी एरवी मराठी बोलत, पण मनाला लागलं की थेट अहिराणीत शिरत.

"भाऊ, अकरा वरीस झालं. आजलगून कोन्ही बोट दाखाडं नही," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला नाही हो म्हटलं..."

"ऱ्हाऊ द्या. आते बघाच तुम्ही."

आणि ललितनं बघितलं. मंगळवारी त्याच्या टेबलावर चार चंबू आले, इतके लखलखीत की त्यात भांग पाडावा. मावशींनी मऊ कापडानं तीन-तीनदा घासले होते. वरून त्यांनी अख्खं कपाट धुंडाळून जेवढ्या चंबूंना आतून ओरखडे होते तेवढे वेगळे काढले आणि आपल्या खणात कुलूपबंद केले. "खराब माल घरच्या मानसाले द्यावा का?" असं त्या शेजारच्या टेबलावरच्या दीप्तीला म्हणाल्या. ललितनं काकवी पुन्हा गरम द्रावणात विरघळवली, लखलखीत चंबूत ओतली आणि निववायला ठेवली. संध्याकाळी पाहतो तर लखलखीत चंबूत लखलखीत काकवी.

बुधवारी देसाईसाहेब येऊन चंबूकडे चष्मा वर करून, मग खाली करून बघून गेले. "ललितभाई, आ तो मध छे!"

"साहेब, भांड्यात काही राहिलं असेल म्हणून..." ललित थकून बोलून गेला आणि मोरीकडे बघून त्यानं जीभ चावली. पण बाण सुटला होता.

देसाईसाहेबांना कारण मिळालं, आणि मालकाला कारण मिळालं की तो सूचना काढतो. तासाभरात भिंतीवर कागद लागला: भांडी आरशासारखी हवीत. ओरखडा दिसलेलं भांडं वापरू नये. कांडीनं कोणीही खरडू नये. सुरतेहून दोन डझन कोरे चंबू आले. मावशींनी पदर खोचला आणि जी सेवा एकट्या ललितची चालली होती, ती साऱ्या प्रयोगशाळेची सुरू केली.

परिणाम गुरुवारी दिसला. दीप्ती म्हणजे क्रिस्टलची लाडकी. ती कशाकडे नुसती बघायची आणि खडे पडायचे. तिचे आजोबा रेल्वेत कामाला म्हणून नागपूरकडून इथे आलेले, ती जन्मानं सुरतीच. घरी मराठी, साहेबांशी गुजराती, स्वतःशी हिंदी. तर गुरुवारी दुपारी ती हिंदीत काहीतरी बोलली, आणि ते चांगलं नव्हतं.

"काय झालं?" ललितनं विचारलं.

"सर, माझं साधं कंपाउंड. दर आठवड्याला करते. आज तेल!"

पाठोपाठ तिसऱ्या टेबलावरही तेल. मग चौथ्या. देसाईसाहेब या टेबलापासून त्या टेबलापर्यंत हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "श्रावण छे. हवेत दमट लागतो." एसी सोळावर आला. सगळे शिंकायला लागले. काकवी मात्र गारठून जास्तच घट्ट झाली, क्रिस्टलचं नाव नाही. शुक्रवारी दारावर लिंबू-मिरची लटकली.

"साहेब, लिंबू शा माटे?" दीप्तीनं विचारलं. "आपण इथे सायन्स करतो ना?"

"सायन्स पण करो ने, बेन," साहेब म्हणाले. "कोण ना पाडे छे?"

सरलामावशी हे सगळं मोरीपाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एवढं घासूनही भाऊचं काम होईना. मोरीवरच्या खिडकीत त्यांनी देवीची एक छोटी तसबीर ठेवली होती, आणि तिच्यापुढे त्यांनी वेगळ्या काढलेल्या भंगारातल्या एका चंबूत चांदणीचं फूल. तिथे त्या दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग कानबाईसाठी, म्हणजे श्रावणात खान्देशी घरांत बसवतात त्या देवीसाठी, रजा सांगायला ललितपाशी आल्या.

"भाऊ, उद्या मी येवाव नही. रविवारी कानबाई बसनार. घर सारवनं शे, रोटाचं दळन शे. मंगळवारी येसू."

"या मावशी. मंगळवारी मी रंगखात्यात असेन, तिकडेच या भेटायला."

मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की बोलल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

संध्याकाळी घरी नूतननं ताट वाढलं. ललित भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला. ओट्यावरून बापाचा आवाज येत होता. कोणाला तरी दवाईचं सांगणं चाललं होतं.

"अहो, जेवा ना. काय झालं, नाही पडले खडे?"

"नाही."

नूतन बारडोलीची. तिचे वडील हिलालबाबा तिथल्या साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या कढयांवर होते. "आमचे बाबा सांगायचे," ती म्हणाली, "पाक कितीही आटवा, दाणा आपोआप पडत नाही. त्याला धरायला कायतरी लागतं. ते आधी बारीक साखर टाकायचे."

"बी टाकायचे. मला माहीत आहे. पण माझ्याकडे बी कुठून येणार, नूतन? हा माल जगात पहिल्यांदा माझ्याकडेच बनलाय. त्याला आई नाही, बाप नाही."

"मग धरायला दुसरं काही द्या," ती म्हणाली आणि ताकाची वाटी पुढे सरकवली. "आणि रविवारी घरी राहा. आपल्याकडेही कानबाई आहे, विसरलात वाटतं."

शनिवारी ललितनं शेवटचा प्रयत्न मांडला. काकवी गरम द्रावणात विरघळवली, गाळून घेतली आणि आता कोरा चंबू हवा म्हणून कपाट उघडलं. कपाट रिकामं. दोन डझनच्या दोन डझन चंबू मोरीत चिकट पडलेले, आणि मावशी रजेवर. त्यांच्या खणाला कुलूप. घासत बसायला वेळ नव्हता, हातातलं द्रावण निवत चाललेलं. ललितनं इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर खिडकीतल्या फुलावर गेली.

"सर, तो चंबू मावशींच्या देवीचा आहे," दीप्ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि खरडलेला आहे. भिंतीवर कागद लावलाय."

"दीप्ती, सहा वाजता माझी नोकरी रंगखात्यात जाणार आहे. मला कागद दाखवू नकोस."

त्यानं फूल अलगद पेल्यात ठेवलं, देवीला हात जोडले, चंबू तीनदा अॅसिटोननं विसळून वाळवला आणि सात महिने त्यात ओतले. मग तो खाली चहाला गेला. तिथे बसून त्यानं रंगखात्यातल्या मारुतीला फोन करून हातमोजे कुठले चांगले, हेही विचारून घेतलं. मारुती म्हणाला, कुठलेही घाल, रंग आत जातोच.

पाच वाजता दीप्तीची किंकाळी आली. ललितला वाटलं, फुटला. तो धावत वर गेला. चंबू जागेवर होता. त्याच्या बुडाशी एक जुना, आडवा ओरखडा होता, कोणीतरी कधीतरी तारेच्या काथ्यानं घासल्याचा. त्या ओरखड्याच्या कडेनं पांढऱ्या बारीक सुया उभ्या राहिल्या होत्या. दोघांच्या देखत सुईला सुई लागत गेली आणि पंधरा मिनिटांत अर्धा चंबू भरला.

ललित स्टुलावर बसला. धरायला कायतरी लागतं. साऱ्या आठवड्यात त्याच्या मालाला धरायला ओरखडा तेवढा मिळाला नव्हता, कारण एका बाईनं मायेपोटी एकेक ओरखडा वेचून काढला होता. आणि ती माया कोणी चेतवली? त्याच्याच तोंडानं.

"सर," दीप्ती हळूच म्हणाली, "म्हणजे मावशींनी इतकं स्वच्छ घासलं म्हणूनच..."

"गप. हे मावशींना कळता कामा नये."

"पण पुढचा माल? साहेब परत तेच कोरे चंबू देणार."

फोटो गेला. साहेबांनी पेढे मागवले आणि लिंबू-मिरचीकडे कौतुकानं बघितलं. परदेशातून उलट निरोप आला: उत्तम, आता महिन्याभरात असाच दहापट माल द्या. ललितनं हातातला पेढा परत ठेवला. रविवारी कानबाईपुढे बसून तो मनाशी वाक्यं जुळवत राहिला. मावशी, तुमचं चुकलं नाही, पण. मावशी, जरा कमी घासत जा. एकही वाक्य तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षं जिनं काचेला डाग राहू दिला नाही, तिला सांगायचं काय, की बाई, तुझ्या हातानंच घात केला?

मंगळवारी सरलामावशी आल्या. कपाळाला मोठं कुंकू, हातात प्रसादाचा डबा. पहिली नजर खिडकीकडे गेली.

"मना चंबू कोठे शे?"

ललित उठला. "मावशी, बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय. तो चंबू मी घेतला. त्यात क्रिस्टल पडले."

"मना भंगार चंबूमा? देवीनापुढला?"

"हो. आणि ते का पडले, ते..."

पण मावशींचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिथेच तसबिरीला हात जोडले. "पावनी माय! भाऊ, मी शुक्रवारी बोलनी व्हती तिले. एवढं घासं तरी व्हईना, आते तूच बघ. अन् तिना म्होरला चंबूच कामले उना!"

दीप्तीनं तोंड उघडलं. ललितनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं ते मिटलं.

"पन भाऊ," मावशी जरा अवघडल्या, "नवस मी तुमन्या नावानं बोलनी. तुम्हलेच फेडना पडी."

"काय नवस आहे?" ललितनं धास्तावून विचारलं. उपास असेल, अनवाणी चालणं असेल. त्याच्या अंगात तेवढं त्राण उरलेलं नव्हतं.

"सव्वा महिना तुमना चंबू तुम्ही सोताच्या हातानं घासशात. मी हात लावाव नही. शिकेल मानूस शेत, वंगाळ वाटी, पन माले त्या येळी दुसरं काही सुचनं नही."

ललितनं मोरीच्या कोपऱ्यातल्या तारेच्या काथ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "नाही मावशी. नवस म्हणजे नवस."

देसाईसाहेबांनीही मान डोलावली. सूचना होती, पण नवसापुढे कागदाचं काय चालतं!

तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला एम.एस्सी. झालेला ललित पाटील मोरीपाशी उभा राहून बाह्या सारून चंबू घासतो. शेजारी मऊ कापड ठेवलेलं असतं, ते तो घेत नाही. तारेचा काथ्या घेतो आणि बुडाशी गरागरा फिरवतो. मावशी मागे उभ्या राहतात, हात लावायचा नाही म्हणून पदरात गुंडाळून. प्रत्येक कर्रर्र आवाजाला त्यांचा जीव खालीवर होतो.

"अरे देवा, ओरखडा पडना ना! भाऊ, एवढं शिकनात, पन चंबू घासाले नही उनं तुम्हले."

"नाही येत, मावशी," ललित म्हणतो आणि काथ्याचा आणखी एक फेरा मारून घेतो.