न्यूट्रलचा हट्ट

भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेल्या योगेंद्रने एका रविवारी ठरवलं, की घरातला आवाज सुधारायचाच. माणसांचा नव्हे (तो नाद त्याने लग्नानंतर लगेच सोडला होता), स्पीकरचा.

त्याच्या बायकोला, वनिताला, जुना लाकडी पेटीचा स्पीकर आवडायचा. त्यातून गाणं मऊ, भरदार यायचं. योगेंद्र मात्र मोबाइलवर रिव्ह्यू बघून बघून पार बदलला होता. "हा वॉर्म आवाज म्हणजे फसवणूक," तो म्हणायचा. "आवाज न्यूट्रल पाहिजे. गायलं तसंच ऐकू आलं पाहिजे."

नवे स्पीकर आले. त्याचे वडील आबाजी लांबूनच बघत होते.

"न्यूट्रल हाय? मग फेज कुठं हाय?"

"आबा, ती वायरीतली न्यूट्रल. हा आवाज न्यूट्रल."

"हात लावला तर शॉक नाय ना बसत?"

"नाय."

"मग असू दे."

वनिताने एक गाणं पूर्ण ऐकलं. "फोडणी न दिलेल्या वरणासारखं लागतंय," ती म्हणाली.

"अगं, हाच खरा आवाज."

"असंल. मला फोडणी लागते."

आता मात्र योगेंद्र इरेला पेटला. वनिताचं भजनी मंडळ गेल्या आठवड्यात देवळात गायलं, तेव्हा त्याने आबाजींच्या शेजारी पुढे बसून सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. त्याने अख्ख्या मंडळालाच चहाला बोलावलं. मंडळाच्या प्रमुख सुंदराकाकूंना दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मध्ये खुर्ची दिली आणि भजन लावलं.

आवाज खरोखर सुरेख होता. टाळ वेगळे, पेटी वेगळी, काकूंनी घेतलेला श्वाससुद्धा वेगळा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वनिताही जरा पुढे सरकली.

"बघ," योगेंद्र म्हणाला, "जुन्यात हे बारीकसारीक कधी ऐकू आलं असतं का?" आणि त्याने आवाज वाढवला.

काकूंनी वरचा सूर लावला. तेवढ्यात स्पीकरमधून, काकूंच्या अगदी समोर, स्वच्छ आवाजात योगेंद्रचीच कुजबुज आली, "आबा, ही काकू गाते का म्हशीला हाक मारते?"

पाठोपाठ आबाजी, "हळू बोल रं, ते चालू हाय."

योगेंद्रने घाईघाईत मोबाइलवर बोट मारलं. भजन बंद पडण्याऐवजी मागे गेलं. काकूंनी पुन्हा सूर लावला, म्हैस पुन्हा आली.

"माझा आवाज झ्याक आलाय," कोपऱ्यात बसलेले आबाजी समाधानाने म्हणाले.

योगेंद्र वायर उपटायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. सुंदराकाकूंनी शांतपणे चहा संपवला, पदर सारखा केला आणि त्या वनिताकडे वळल्या.

"वनिता, तुझा जुनाच स्पीकर लाव गं. त्यात निदान तुझा नवरा ऐकू येत नाय."