ठकीची जांभई

"आजपासून रोज नवा क्रम!" व्हॅनच्या पुढच्या सीटवरून बँडच्या गायकाने घोषणा केली. "रोज तीच गाणी त्याच क्रमाने वाजवणारा बँड हा बँड नव्हेच! ते गजराचं घड्याळ!"

मागच्या सीटवर त्याची बायको सात महिन्यांच्या ठकीला पाजत होती. बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची ती. नवऱ्याच्या घोषणा एरवी ती ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची, पण ही मध्येच अडकली.

"अरे, पण का?"

"पाच पांडव काय म्हणाले ऐकलंस ना?"

पाच पांडव म्हणजे पहिल्या रांगेतले पाच भक्त. बँड ज्या गावी जाईल तिथे हे आधीच हजर! त्यातल्या दाढीवाल्याने काल गायकाला गाठून सुनावलं होतं, "दादा, तिसरं गाणं आलं की आम्हाला जांभया येतात. क्रम बदला, नाहीतर आम्ही दुसरा बँड बघतो!"

"तिसऱ्याला जांभई ठकीलाही येते," बायको म्हणाली. "आणि मला ती हवीय!"

ठकी पोटात होती तेव्हापासून हीच गाणी ह्याच क्रमाने ऐकत आली होती. पहिल्याला हातपाय झाडायची, दुसऱ्याला डोळे चोळायची आणि तिसऱ्याला मेकअपच्या खोलीत आजीच्या खांद्यावर मान टाकायची. मग ढोल फुटो की आभाळ, शेवटच्या गाण्यापर्यंत ढिम्म! तेवढा वेळ तिच्या आईचे दोन्ही हात तिचे स्वतःचे असत. दौऱ्याला निघतानाच ठरलं होतं, पोर झोपेनाशी झाली की मायलेकी घरी आणि कीबोर्ड माळ्यावर.

"एवढंसं पोर क्रम पाठ करतं होय?" गायक हसला. "आई, सांग हिला!"

"तू मिक्सर चालू असल्याशिवाय झोपायचा नाहीस," बायकोशेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दोन जळले. मी काही बोलत नाही बाबा!"

संध्याकाळी बँडने शेवटचं गाणं पहिलं घेतलं. मेकअपच्या खोलीत ठकीने टक्क डोळे उघडले. शेवटचं गाणं, म्हणजे झोप झाली की!

स्टेजवरही प्रत्येकाची सवय ठरलेली. चौथ्या गाण्यात ड्रम नसायचे, म्हणून जाडजूड ड्रमवाला तेव्हा केळं खायचा. आज चौथं सगळ्यात दणदणीत होतं! त्याने सवयीने केळं सोललं, दचकला आणि एका हातात काठी, दुसऱ्यात केळं घेऊन तुटून पडला. तिसऱ्या ठोक्याला केळं गायकाच्या मानेवर!

दिवेवाला तर स्टेजकडे बघायचाच नाही, बोटंच त्याचं काम करायची. त्याने चौथ्याला नेहमीचा गुडूप अंधार केला. अंधारात गिटारवाला वाजवत वाजवत पायऱ्या उतरून थेट प्रेक्षकांत गेला. मग हळुवार प्रेमगीत लागलं आणि धुराचं यंत्र भसाभसा सुटलं! धूर मेकअपच्या खोलीत शिरला. सासूबाई ठकीला उचलून खोकत धावल्या, हाताला लागलं ते दार उघडलं आणि उभ्या राहिल्या थेट माइकपुढे.

ठकीने आईला पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की स्पीकर थरथरले!

आईचे हात आपोआप हलले. एक लेकीकडे, दुसरा पट्ट्यांवर. हे झोपेचं रडणं होतं. त्याचा सूर तिला पाठ होता! तिने हळूच त्याखाली आपला सूर धरला. ठकी वर गेली, ती वर गेली. ठकी हुंदक्यावर थांबली, तीही थांबली. सभागृह चिडीचूप... आणि मग टाळ्यांचा कडकडाट!

'संपलं,' तिला वाटलं. 'उद्या घर आणि माळा!'

तेवढ्यात दाढीवाला डोळे पुसत आला. "वहिनी, ह्याला म्हणतात नवं! उद्या आम्ही सगळ्या मित्रांना आणतो. पण उद्या अगदी हेच हवं हं! ह्याच जागी! जराही बदल चालायचा नाही!"

गायकाने मानेवरचं केळं पुसत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचं गाणं पहिलं झालं. केळं ठरल्या ठोक्याला उडालं, गिटारवाला पायऱ्या उतरला, धूर सुटला. सासूबाई तालीम केलेला खोकला खोकत आल्या. ठकीपुढे माइक धरला गेला. अख्ख्या सभागृहाने श्वास रोखला.

ठकीने माइक चाटला. मग स्पीकरमधून घुमेल अशी लांबलचक जांभई दिली आणि आजीच्या खांद्यावर मान टाकली.

पाचही पांडवांना जांभया आल्या.

"आता काय करायचं?" गायक ओरडला.

"श्श!" दाढीवाला पहिल्या रांगेतून फिस्कारला. "दादा, हळू! झोपलीय ना ती!"

ढोल फुटला तरी ही पोर उठत नाही, हे आईला ठाऊक होतं. पण भक्तांचं मन कोण मोडणार? तिने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि एकटीच वाजवू लागली. गायक ओठांतल्या ओठांत गायला. ड्रमवाल्याला काठी उचलायचीही परवानगी नव्हती.

त्याने निवांत दुसरं केळं सोललं.