श्रावणजींचा भरला तांब्या

सकाळी हातात तांब्या घेतलेला माणूस गावाबाहेर जातो, अशी बुलढाण्यात तेव्हा रीत होती. आमच्या मागच्या आळीतले श्रावणजी तेवढे काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन गावात शिरायचे. सगळे हसायचे, आणि सर्वांत आधी मी.

महाराष्ट्र नवानवा झाला त्या सुमारास ते मोजणी कचेरीतून निवृत्त झाले. जन्मभर शेतं मोजली, आता गल्ल्या मोजू लागले. कुठली गल्ली चालायला किती बरी, एवढंच त्यांना हवं असे. तांब्यातलं पाणी सांडलं की तिथं खड्डा किंवा चढ. शिवाय सावली कुठं, टेकायला ओटा कुठं, कुत्रं कुणाचं अंगावर येतं, सगळं वहीत.

"मास्तर, तुमच्या गल्लीले दहापैकी चार."

"काऊन जी? मी पोरायले बी इतके कमी देत नाही!"

"मले काय विचारता? पायाले विचारा."

एका कंत्राटदारानं रस्ता रुंद केल्याचे पेढे वाटले. श्रावणजींनी पेढा खाल्ला आणि सुनावलं, "लिंब तोडला ना बे! उन्हात चालन कोन?"

पुढं मी दारापुढचा ओटा पाडून खोली काढायचं ठरवलं. गवंडी आला, त्याच्यामागं श्रावणजीही.

"ओटा पाडू नका, मास्तर."

"माझा ओटा! तुमचं काय जाते?" मी भडकलो.

ते खाली बघत म्हणाले, "बायकोले सहा महिन्यामांगं लकवा झालता. आता उठली. पल्याडच्या आळीत तिची बहीण हाये, तिले भेटाले जातो म्हणते. बैलबंडीत बस म्हटलं, तर म्हणते, मी काय पोतं हाओ? पायानंच जाईन. मंधात टेकाले तुमचाच ओटा हाये. तो गेला, तं ती पोचत नाही."

मला माझीच लाज वाटली. गवंड्याला मी परत पाठवला.

आठवड्यानं गिरजाकाकू काठी टेकत आल्या. श्रावणजी बाजूनं, हात पुढं धरून, पण अंगाला न लावता. काकू ओट्यावर टेकल्या तेव्हा मीसुद्धा सुटकेचा निःश्वास सोडला. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"थकली का व?" श्रावणजींनी विचारलं.

"मी नाही थकली," काकू सरकून जागा करत म्हणाल्या. "तुमीच बसा घडीभर. सहा महिन्यांपासून उभेच हाये तुमी."

श्रावणजी बसले आणि उपरण्यात तोंड लपवून लहान पोरासारखे रडले.