घेतला तो घेतला

इक्बालभाई परकारांनी जन्मात बेसबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती. पण अमेरिकेतल्या कुठल्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, कुठलं कोपर दुखतंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. सकाळी मी ऑफिसात शिरलो की पहिला प्रश्न, "देवधरसाब, आपल्या माणसाचा खांदा कसा आहे?" नवीन लोकांना वाटायचं, ह्या दोघांचं कोणीतरी इस्पितळात पडलंय.

दुबईत रास अल खोरला आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं ऑफिस आहे. मी एचआरमध्ये, इक्बालभाई डॉक्युमेंट कंट्रोलर. कंपनीत येणारा-जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा, शिक्का खायचा, रजिस्टरात चढायचा आणि मगच पुढे सरकायचा. माणूस हर्णैचा. एकतीस वर्षं दुबईत, बायको-पोरं गावाला, आणि हे अल कुसैसला एका खोलीत. ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे. साडेसातला दार उघडून, चहा टाकून तयार असायचे.

बेसबॉलचं खूळ लावलं आमच्या एका अमेरिकन मॅनेजरने. तो मायदेशी गेला, खूळ इथेच राहिलं. मार्चअखेरीला आम्ही आठ जण कॉन्फरन्स रूममध्ये बसतो आणि पाळीपाळीने अमेरिकेतला एकेक खरा खेळाडू आपापल्या टीममध्ये घेतो. ह्याला म्हणायचं ड्राफ्ट. मग तो तिकडे जसा खेळेल, तसे आपल्याला इकडे पॉइंट. हे जगात सगळीकडे चालतं म्हणे. पण आमच्या त्या अमेरिकन साहेबाने दोन नियम जगावेगळे घातले. पहिला, एकदा घेतलेला खेळाडू सीझनभर सोडायचा नाही, मग त्याचा पाय मोडो नाहीतर तो संन्यास घेवो. दुसरा, एकोणचाळीस खेळाडू झाले की चाळिसावा माणूस आपल्याच ऑफिसातला घ्यायचा. तो आठच्या आत हजेरीच्या मशीनवर पंच करेल त्या दिवशी एक पॉइंट. एक माणूस एकाच टीमला, आणि स्वतःला घ्यायचं नाही. लोक वेळेवर यावेत म्हणून काढलेली शक्कल, दुसरं काय!

आता सोडता येत नाही म्हटल्यावर शहाण्या माणसाने तरुण, धडधाकट खेळाडू बघावेत. मी तर दोन आठवडे आधीपासून एक्सेल घेऊन बसायचो. इक्बालभाई ड्राफ्टला रिकाम्या हाताने यायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. "वय काय? दुखतं कुठं? घर कुठं?" घर लांब पाहिजे. कोणी कुठल्या बेटावरून आलेला, कोणी जपानहून. "पोरंबाळं तिकडे, हा इकडे. म्हणजे आपल्यातलाच की!" त्यात तो चाळिशीला टेकलेला आणि दोनदा ऑपरेशन झालेला निघाला, तर भाईंची कळी खुलायची. "यल्ला, लिहा! घेतला तो घेतला. खलास!"

"अहो भाई, हा ह्या वर्षी मैदानात उतरणारसुद्धा नाही!" मी कपाळावर हात मारायचो.

"म्हणून तर. त्याला दुसरं कोण घेणार?"

रोज संध्याकाळी ते फोनवर बायकोला ह्या मंडळींची खुशाली सांगायचे. एकदा भाभींनी गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर औषधी तेलाची बाटली धाडली. त्या पोराच्या खांद्याला लावा म्हणून! बाटली भाईंच्या टेबलावर तशीच राहिली आणि शेवटी माझ्या मानेवर संपली. त्यांच्या टीमचं नाव 'हर्णै बंदर'. दर वर्षी शेवटून पहिली.

चाळिसावा माणूस म्हणून मी नेहमी इक्बालभाईंना घ्यायचो. रोज साडेसात म्हणजे रोज पॉइंट. त्यांच्या जिवावर मी ही लीग दोनदा जिंकलो आहे. आणि भाई कोणाला घ्यायचे? मला! मीही कुसैसलाच राहतो, पण आठ-वीसच्या आधी कधी पोचलो नाही. ट्रॅफिक हे कारण, झोप हा स्वभाव. माझं नाव त्यांनी उच्चारलं की खोलीत हशा पिकायचा. भाई शांतपणे म्हणायचे, "येतील, इन्शाल्ला. सीझन मोठा आहे."

"अजून दोन सीझन, मग घरी," असं ते पाच वर्षं म्हणत होते. एकदा चहा पिताना बोलून गेले, "घर झकास बांधलंय हो. पण तिथे मी पाव्हणा. नातू विचारतो, तुमची सुट्टी कधी संपते? इथे निदान माझी खुर्ची आहे."

हे मला माहीत होतं. तरीही ह्या मार्चमध्ये हेड ऑफिसने विचारलं, अ‍ॅडमिनमधला एक माणूस कमी करायचाय, नाव कळवा, तेव्हा मी इक्बालभाईंचं नाव लिहिलं. साठी उलटली, व्हिसा संपत आलाय, अशी कारणं जोडली. खरं सांगू? माझ्या हाताखाली दोन असिस्टंट आहेत आणि काम एकापुरतंच आहे. पण ते दोघे भांडले असते, रडले असते. भाई भांडणार नाहीत, एवढाच माझा हिशोब. पत्र त्यांच्या टेबलावरून जाऊ नये म्हणून बंद पाकिटातून मी स्वतः पोचवून आलो.

पुढच्या आठवड्यात ड्राफ्ट. चाळिसाव्या फेरीत माझी पाळी शेवटून दुसरी आणि माझ्यानंतर फक्त भाई. इक्बालभाई देवधरांचे, हे ठरलेलंच, म्हणून बाकी कोणी त्यांना हात लावला नव्हता. मी मनात म्हटलं, महिन्याभरात हा माणूस जाणार, पॉइंट कुठून मिळणार? आणि म्हणालो, "अकाउंट्सचा राजन."

कोणीतरी म्हणालं, "अरे, भाई राहिले!"

इक्बालभाई माझ्याकडे बघून हसले. "बरोबर आहे. स्ट्रॅटेजी पाहिजे." मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "माझा चाळिसावा, देवधरसाब. घेतला तो घेतला." सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

एप्रिलअखेर ते गेले. निरोपाच्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही काय करणार साब, वरून हुकूम." मी मान डोलावली. बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही, असं समजून निर्धास्त झालो.

जूनमध्ये एका जुन्या कागदासाठी त्यांचं रजिस्टर चाळत होतो. भाईंच्या गोल अक्षरात एक नोंद दिसली. हेड ऑफिसचं पत्र, कर्मचारी कपात, एचआरने सुचवलेलं एक नाव, मंजूर. तारीख ड्राफ्टच्या आदल्या दिवसाची. मी शहाणा! जाणारं पाकीट हाताने नेलं, पण येणारं उत्तर नेहमीच्या टपालात येणार आणि टपाल इक्बालभाई उघडणार, हे ध्यानातच आलं नाही. स्वतःच्याच नावाच्या कागदावर त्यांनी शिक्का मारला, फाइलमध्ये घालून माझ्या ट्रेमध्ये ठेवला, आणि वर मला चहाही आणून दिला असणार.

मी तिथूनच हर्णैला फोन लावला. "भाई, तुम्हाला माहीत होतं?"

"कागद आधी माझ्याकडेच यायचा ना, साब."

"मग दुसऱ्या दिवशी मला कशाला घेतलंत?"

"तुम्हाला दुसरं कोण घेणार?"

मला माफी मागायची होती, पण ती राहूनच गेली. भाईच विचारत राहिले, जपानी पिचरचं कोपर कसं आहे, आणि इकडे ऊन फार आहे का.

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठला ऑफिसपाशी हजर. आयुष्यात पहिल्यांदा! म्हटलं, निदान एक पॉइंट तरी हर्णै बंदरला मिळू दे. तर दाराला कुलूप. पंचिंग मशीन आत, मी बाहेर, घामाने निथळतोय. भाई गेल्यापासून कोणालाच पॉइंट मिळत नव्हते आणि मी लोकांच्या आळसाला शिव्या घालत होतो. किल्ली आता राजनकडे असते. ज्याच्यासाठी मी भाईंना सोडलं, तो राजन आठ-दहाला डुलत डुलत आला.

भाईंना मेसेज टाकला, "आलो होतो, दार बंद होतं." लगेच उत्तर बोलून पाठवलं त्यांनी. "पॉइंटचं सोडा साब. पण किल्ली तुमच्याकडे घ्या. लोक उन्हात उभे राहतात."

किल्ली आता माझ्याकडे आहे. साडेसातला दार उघडतो, पंच करतो, चहा टाकतो. हर्णै बंदरला रोज एक पॉइंट मिळतो. टीम अजून शेवटचीच आहे. आणि आपल्या माणसाचा खांदा कसा आहे, हे आता कोणी विचारत नाही.