नववीतला शिवण्णा

हजेरी घेऊन झाली की व्यंकटराव चष्मा कपाळावर चढवायचे आणि हजेरीत नसलेल्या एका मुलाला हाक मारायचे.

"शिवण्णा?"

"बंदिल्ला सार!" आला नाही, म्हणून अख्खी नववी ओरडायची.

"पर्वागिल्ला, असू दे. निबंध पाठवलाय त्यानं." आणि ते खिशातून घडी घातलेला कागद काढायचे.

शिवण्णा नावाचा मुलगा त्या वर्गात कधीच नव्हता. मी त्या शाळेचा हेडमास्तर होतो, त्यामुळे एवढं छातीठोक सांगू शकतो. निवृत्तीनंतर चार माणसं जमली की हा किस्सा मी रंगवून सांगत आलो. व्यंकटरावांनी सगळ्या वर्गाला कसं बनवलं, म्हणून लोक खो खो हसायचे. तो किस्सा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता व्यंकटराव नाहीत, माझंही वय झालं. खरं काय ते लिहून टाकतो.

व्यंकटराव कन्नड साहित्य आणि निबंध शिकवायचे. घरी मराठी, वर्गात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. गोकुलम वस्तीत त्यांच्या घरासमोर योगशाळा होती. काखेत चटई मारून निघालेल्या परदेशी मुलींनाही ते थांबवून विचारायचे, "काल काय पाहिलंत?" कोणी 'काही नाही' म्हटलं की यांचा दिवस वाईट जायचा.

शिवण्णाबद्दल मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "आमच्या घरी साड्या रंगवायचे ना हो. आजोबा आधी चिंधीवर रंग लावून बघत. शिवण्णा माझी चिंधी. काय फाडायचं ते त्याचं फाडा. पोरांच्या साडीला हात लावायचा नाही."

आणि पोरं फाडायचीही. दसऱ्यावर शिवण्णानं लिहिलं होतं, 'हत्ती हा फार मोठा प्राणी आहे. लोकही फार होते. मला फार आनंद झाला.' वर्ग खवळला. "सार, ह्याला डोळे आहेत की नाही? हत्तीचे कान कसे हलत होते ते कुठंय?" व्यंकटराव पडेल चेहऱ्यानं त्याची बाजू घ्यायचे. "हेब्बाळहून चालत येतो रे तो. दमतो." पुढच्या निबंधात शिवण्णाच्या हत्तीचे कान हलायचे, पण माहुताला तो साफ विसरलेला असायचा. वर्ग परत खवळायचा. अशा रीतीनं शिवण्णाला सुधारता सुधारता ती पोरं बरं लिहायला लागली.

मग एक दिवस मेघना नावाच्या मुलीचे वडील माझ्या खोलीत येऊन टेबलावर थाप मारते झाले.

"कोण हा शिवण्णा? माझी मुलगी जेवतानासुद्धा त्याचंच बोलते! त्याच्या बापाला बोलवा आत्ताच्या आत्ता!"

मी समजूत घालायला गेलो, "अहो, असा मुलगाच नाही."

"म्हणजे शाळा सोडून बाहेर भेटते?"

त्यांना कसंबसं वाटेला लावलं आणि व्यंकटरावांना बोलावून सांगितलं, "पुरे झालं. उद्या पोरांना खरं सांगून टाका."

हा माणूस एरवी दहा वाक्यं ऐकवायचा. त्या दिवशी बोटांवरचा खडू पुसत बसला.

"दहावीपर्यंत राहू द्या की त्याला."

"अय्यो, कोणाला राहू द्या? तो आहे कुठं?"

"मग तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. व्यंकटराव बाहेर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मुलांनो, शिवण्णाबद्दल एक गोष्ट—"

"आम्हाला माहितीय सार," मेघना म्हणाली.

"काय माहितीय?"

"शिवण्णा लिहितो, सकाळी उठताना गुडघे धरतात. नववीतल्या मुलाचे गुडघे धरतात का सार?"

वर्ग फिसकन हसला. मागचा एक जण म्हणाला, "आणि त्याला रेशनच्या तांदळाचे भाव माहीत असतात!"

"मग रोज 'बंदिल्ला' म्हणून कशाला ओरडता?" मला खरंच राग आला होता.

मेघनाच हळू म्हणाली, "घरच्या मॅडम वारल्यापासून सर घरी एकटेच असतात ना सार. आम्ही ट्यूशनहून येतो तेव्हा खिडकीत बसून शिवण्णाचा निबंध लिहीत असतात. लिहिताना हसतात. निबंध नसेल त्या दिवशी दिवासुद्धा लावत नाहीत." मग तिनं हात जोडले. "सार, तुम्ही त्यांना सांगू नका हं, आम्हाला कळलंय म्हणून."

मी बाहेर आलो. व्यंकटराव लगबगीनं पुढे आले. रात्रभर झोपले नसावेत.

"रडली का हो पोरं?"

मी मान खाली घातली. "नाही सांगितलं. धीरच झाला नाही मला."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला तिकडे बघवेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या समजुतीनं म्हणाले, "बरं केलंत. अजून लहान आहेत हो ती. एवढं त्यांना सोसलं नसतं."