मेजर मोकाशींची डाय

मेजर मोकाशी आमच्याकडे जेवायला बसले की आधी खिशातून व्हर्नियर काढत, तीच ती कारखान्यातली जाडी मोजायची पट्टी, आणि पोळीला लावत. मग "मापात आहे, वहिनी," म्हणून पहिला घास घेत. उभ्या संसारात मी बायकोला जेवढी दाद दिली नसेल, तेवढी या माणसाने दोन शब्दांत दिली. ते ऐकवायची संधी तिने कधी सोडली नाही.

ऐंशीच्या सुमारास लखनौचं इंदिरा नगर अजून नवं होतं. मी एका संशोधन संस्थेत नोकरीला, आणि फौजेतून निवृत्त झालेले मेजर शेजारी, विधुर. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यामुळे एकमेकांना टाळायची सोय नव्हती.

मेजरांकडे एक जुनी रायफल होती, रीतसर परवान्याची. तिची काडतुसं बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. पण एकदा उडालेली रिकामी पितळी काडतुसं त्यांनी चिंचेने घासून डब्यात जपली होती, आणि ती घरीच पुन्हा भरायचा त्यांना ध्यास होता. उडालेलं काडतूस किंचित फुगतं. ते दाबून मापात आणणारा पोलादी साचा म्हणजे डाय. ती अमेरिकेत मिळत होती, आणि अमेरिकेत त्यांचा मुलगा अजय होता.

कोणती डाय घ्यायची हे ठरवायला मेजरांनी सहा वर्षं घेतली. दर रविवारी कॅटलॉग घेऊन ते माझ्यासमोर बसत. अख्खं काडतूस दाबणारी घ्यावी की फक्त गळा, म्हणजे गोळी बसते तेवढं तोंड, दाबणारी? मी बेडकांवर संशोधन करणारा माणूस. मी आपलं म्हणे, "अख्खं."

"हेच चुकतं तुमचं, प्रोफेसर!" मी प्रोफेसर नाही, हे सांगून उपयोग नव्हता. "ज्या बंदुकीतून उडालं, तिच्या मापाचं झालेलं असतं ते. सगळीकडून दाबायचं नाही यार. गळ्याशी हलकं धरायचं, बस!"

मी मुलीला अभ्यासावरून ओरडलो तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "गळ्यापुरतंच, प्रोफेसर!"

हा खटाटोप शिकारीसाठी नव्हता. अजय लहान असताना मलिहाबादला एका मित्राच्या आमराईत बापलेकांनी मातीच्या ढिगावर डबा ठेवून नेम धरले होते. अजयचा पहिलाच बार डब्याला लागला होता. तो आला की पुन्हा तिथे जायचं, एकदाच, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

अखेर अजयचं यायचं ठरलं. मेजरांनी पत्र लिहिलं, मराठीत, कारण घरच्या माणसाला इंग्रजीत लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. 'डाय विसरू नकोस. नंबर मागच्या पत्रांत आहेच, नीट पाहून आण.'

"डाय कशाला, साचा लिहा ना," मी म्हटलं.

"साचा मोदकाचा असतो," ते म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

अजय आला, चार दिवसांसाठी. पहिल्याच संध्याकाळी मेजरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. अजयने बॅगेतून एक देखणं खोकं काढून बापाच्या हातात ठेवलं. वर काळ्याभोर केसांच्या एका गोऱ्याचा हसरा फोटो होता. केसांना लावायची डाय.

"नंबर नीट पाहिलास?" मेजरांनी इतकंच विचारलं.

"हाँ बाबा, नंबर वन. एकदम काला. सबसे अच्छी वाली." अजयला मराठी समजायचं, उत्तर हिंदीतच यायचं.

सहा वर्षांच्या पत्रांत काडतुसाच्या गळ्यावर पानंच्या पानं लिहिलेली होती. त्यातलं एकही या पोराने धड वाचलं नव्हतं. मी संतापून तोंड उघडलं, तोच टेबलाखाली मेजरांचा बूट माझ्या पायावर पडला.

"झकास," ते म्हणाले. "अगदी हीच पाहिजे होती."

माझा तो राग अजून गेलेला नाही. मलिहाबादचं नाव निघालं, तेव्हा अजयला दिल्लीत कुणाला तरी भेटायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. मेजर फाटकाशी आले आणि मी बघतच राहिलो. हा माणूस स्वतःच्या पांढऱ्या केसांचा तोरा मिरवायचा आणि केस रंगवणाऱ्यांना जवळच्या मोहल्ल्यावरून 'निशातगंजचे नवरदेव' म्हणायचा. आज त्याचं डोकं कोळशासारखं काळं होतं, कानामागे ओघळ होते आणि मिशी अर्धी पांढरीच राहिली होती.

"अरे वाह बाबा! दस साल कम हो गए," अजय म्हणाला. फोटो काढला, पाया पडला आणि गेला.

टॅक्सी वळली तरी मेजर फाटकातच उभे होते. मी म्हटलं, "एकदा सांगायचं तरी त्याला."

"काय सांगायचं, प्रोफेसर? तिकडच्या मापाचा झालाय तो. किती दाबणार?"

मग त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, काळा झालेला तळवा पाहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला विचारलं, "मापात आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी व्हर्नियर काढला नाही.