मारलंस ना, मग घरी जाऊन सांग

आमच्या खैरनारच्या राज्यात राक्षस मारायचा असेल, तर आधी त्याला त्याचं नाव विचारावं लागतं. तो नाव सांगेपर्यंत आपला एखादा हात गेलेला असतो, पण नियम म्हणजे नियम.

राज्य म्हणजे माझ्या थेरगावच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. परदेशी गेलेल्या भाच्यानं एक खोका मागे ठेवला: नकाशे, फासे, बोटाएवढे वीर. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी वीर व्हायचं, वार लागला की नाही ते फासे ठरवणार. दर रविवारी दुपारी आम्ही तीन पन्नाशीचे बाप्ये खेळतो. मी जादूगार. पेंट शॉपमधला मोरे कुऱ्हाडवाला. गोष्ट सांगणारा खैरनार.

खैरनार मोरेच्याच चाकणच्या कंपनीत वेल्फेअर ऑफिसर. कँटीनच्या पोह्यांपासून कामगारांच्या बुटांपर्यंत सगळ्या तक्रारी त्याच्याकडे. शेडमध्ये कुणाचं बरंवाईट झालं, तर घरी निरोप द्यायलाही त्यालाच पाठवतात. त्याबद्दल तो कधी बोलत नाही.

खेळात मात्र फार बोलतो. वीरांसाठी त्यानं कायदाच केलाय. आधी बजावायचं. मग पळायला वाट ठेवायची. शस्त्र टाकलं तर तो आपला पाहुणा. या पाहुणचारापायी आमच्या टोळीत आता अर्धा डझन दरोडेखोर आणि एक ड्रॅगन जेवायला असतात. ड्रॅगनला साप्ताहिक सुट्टीही आहे.

"भावा, हा खेळ हाय का युनियनची मीटिंग?" मोरे विचारतो.

"मारायला मी कुठं नाही म्हणतो?" खैरनार चहा फुंकत म्हणतो. "मारलंस ना, मग घरी जाऊन सांग. एवढंच."

हे शेवटचं कलम असं काही जाचक, की परवापरवापर्यंत आम्ही कुणालाच मारलं नव्हतं.

गेल्या रविवारी ते घडलं. पुलावरच्या पहारेकऱ्यानं एका लेकुरवाळीच्या गाडीवर बाण रोखला. मोरेनं नाव विचारलं, बजावलं, वाट दिली. तो ऐकेना. मोरेनं फासे टाकले आणि पहारेकरी पडला.

"न्याय्य आहे," खैरनार म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही."

"मग घरी जायला नको ना?"

"जायचं. चुकलं नसलं तरी जायचं."

मी लगेच टॉवेलचा पदर डोक्यावर घेतला. पहारेकऱ्याची बायको वठवायची संधी मी कशाला सोडतोय?

"तू बस खाली," खैरनार म्हणाला. "बायको मी होतो."

मोरेनं टेबलावर टकटक केली. खैरनारनं चष्मा काढून ठेवला. "कोण आहे?"

"वैनी, घाबरू नका," मोरे हसू दाबत म्हणाला. "मालकांना जरा लागलंय. दवाखान्यात हायेत. चला माझ्यासंगं."

खैरनारनं फासे बाजूला सारले. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "असं नको सांगूस. असं सांगितलं की ती डबा भरून घेते. ताजी पोळी करून. आणि गाडीत पूर्ण रस्ता तो मांडीवर धरून बसते."

मोरेचं हसू गेलं. "मग काय सांगायचं, साहेब?"

"तेच मला जमत नाही रे. इतकी वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाला तरी जमेल, म्हणून पाठवतो."

मी टॉवेल काढून घडी घातली. मोरेनं शर्टाची वरची दोन्ही बटणं लावली आणि टेबलावर पुन्हा, हळू, टकटक केली.